खिशातलं नकाशाघर: ओएसजिओलाइव्ह कसं घडलं

आजचा विषय ऐकताना तांत्रिक वाटेल, पण मी तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे. संगणकावर कधी नकाशा काढला नसेल तरी हरकत नाही. गोष्ट समजायला तेवढ्यावाचून काही अडणार नाही.

ओएसजिओलाइव्ह नावाचा एक संच आहे. नकाशे काढण्याचे, तपासण्याचे, साठवण्याचे आणि इंटरनेटवर मांडण्याचे पन्नासेक मुक्त सॉफ्टवेअर त्यात एकत्र असतात. हा संच पेन ड्राइव्हवर मावतो. पेन ड्राइव्ह संगणकाला लावायचा, संगणक त्याच्यावरूनच सुरू करायचा आणि कामाला लागायचं. हार्ड डिस्कला हात लागत नाही. काम झालं, संगणक बंद केला, पेन ड्राइव्ह काढला, की तो संगणक होता तसा. ज्यांना हेही नको असेल त्यांच्यासाठी तोच संच व्हर्च्युअल मशीनच्या रूपात मिळतो. म्हणजे तुमच्या नेहमीच्या संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत दुसरा अख्खा संगणक चालतो, आणि त्याच्यात सगळी नकाशाची अवजारं मांडून ठेवलेली असतात.

आता इतिहासाचा प्रश्न असा. यातले बरेचसे सॉफ्टवेअर २००२-०३ पर्यंत तयार होते आणि फुकट होते. मग ते सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या, शिक्षकाच्या, छोट्या कचेरीतल्या माणसाच्या हाती पडायला आणखी इतकी वर्षं का लागली? माझं उत्तर थोडक्यात सांगतो. पैशांची अडचण संपल्यावरही एक दुसरी अडचण शिल्लक राहिली होती, ती मांडामांडीची. ही मांडामांड एकदाच, सगळ्यांच्या वतीने कुणीतरी करून ठेवली, तेव्हा दार उघडलं. ते कुणी आणि कसं केलं, ते आज बघू.

खोलीभर यंत्रापासून सुरुवात

संगणकावर नकाशा ठेवण्याची कल्पना १९६० च्या दशकातली. कॅनडा सरकारला आपल्या प्रचंड देशातल्या जमिनीची मोजदाद करायची होती: कुठली जमीन शेतीची, कुठली जंगलाची, कुठली वन्य प्राण्यांसाठी राखण्याजोगी. रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकावर करता येईल असं सुचवलं आणि त्यातून कॅनडा जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टीम उभी राहिली. टॉमलिन्सन यांना जीआयएसचे जनक म्हणतात ते यामुळे. पण ती यंत्रणा चालवायला आयबीएमचा खोली व्यापणारा संगणक लागायचा. तो सरकारकडेच असणार, हे उघड आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १९८२ च्या सुमारास इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन इथे, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या एका संशोधन प्रयोगशाळेत ग्रास नावाचं सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात झाली. लष्कराकडे सरावासाठी मोठाल्या जमिनी होत्या आणि त्यांची निगा राखायची जबाबदारीही होती. कुठे रणगाडे फिरवले तर माती वाहून जाईल, कुठे पाणी साठेल, असे ते प्रश्न होते. सरकारी पैशातून झालेलं काम म्हणून ते सर्वांना खुलं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर प्रयोगशाळेने अंग काढून घेतलं. मग टेक्सासमधलं बेलर विद्यापीठ आणि जर्मनीत हॅनोव्हरला मार्कुस नेटेलर यांनी ते सांभाळलं. १९९९ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं.

म्हणजे बघा, १९९९ साली लष्करी दर्जाचं नकाशाचं सॉफ्टवेअर कुणालाही कायदेशीरपणे फुकट मिळत होतं. पण ते युनिक्सवर चालायचं, आणि मूळ कोड स्वतः कंपाइल करायचा म्हटलं तर त्यासाठी जाणकार माणूस लागायचा. भूगोलाच्या विभागात असा माणूस कुठून आणणार?

एक नळ आणि चार बिऱ्हाडं

त्याच सुमाराला मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरला जणू बहर आला. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी जीडॅल सुरू केलं. नकाशांच्या नाना तऱ्हेच्या फाइली वाचणारं हे सामाईक ग्रंथालय. मिनेसोटा विद्यापीठात मॅपसर्व्हर होतंच. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातून पोस्टजीआयएस आलं, ज्याच्यामुळे साध्या डेटाबेसला नकाशाची भाषा समजू लागली. जिओसर्व्हर आलं. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएसची सुरुवात केली, जे आज आपल्याकडच्या महाविद्यालयांतही शिकवलं जातं.

पण यातलं एकेकटं अवजार फारसं उपयोगी नसतं. समजा तुम्हाला तालुक्यातल्या विहिरींचा नकाशा इंटरनेटवर मांडायचाय. माहिती ठेवायला पोस्टग्रेस आणि त्यावर पोस्टजीआयएस. ती नकाशाच्या रूपात पुरवायला जिओसर्व्हर. त्याला जावा पाहिजे. ब्राउझरमध्ये दाखवायला ओपनलेयर्स, ते जावास्क्रिप्टचं. आणि संपादनासाठी क्यूजीआयएस, ते सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं. चार अवजारं, चार वेगळ्या घराण्यांची.

त्यात आणखी एक गोम होती. यांतली बरीच अवजारं खाली त्याच एका जीडॅलवर उभी. चाळीत एक सामाईक नळ असतो ना, तसं. पहिल्या बिऱ्हाडाने नव्या मापाची तोटी बसवली की दुसऱ्याची नळी तिला लागत नाही. एक सॉफ्टवेअर टाकायला जावं तर ते जीडॅलची नवी आवृत्ती मागतं, ती टाकली की कालपर्यंत चालणारं दुसरं बंद पडतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेतला पहिला दिवस याच्यात जाई. विद्यार्थी नकाशा शिकायला आलेले असत आणि एरर वाचत बसत. शिवाय प्रयोगशाळेतल्या संगणकांवर काही टाकायची परवानगीच बहुधा नसते, पासवर्ड एकाच माणसाकडे असतो.

सीडीवरून जागा होणारा संगणक

यावरची युक्ती नकाशावाल्यांनी शोधली नाही, ती लिनक्सच्या जगातून आली. संगणक हार्ड डिस्कवरूनच सुरू झाला पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. १९९२ मध्येच इग्ड्रासिल नावाचं लिनक्स सीडीवरून चालवता येत होतं. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी सीडीवरून संगणक सुरू करण्याचा नियम ठरवून दिला. त्याचं नाव एल टोरिटो. ज्या मेक्सिकन उपाहारगृहात बसून तो आखला त्याचं नाव त्याला दिलं, असं सांगतात.

पण खरी वाट मोकळी केली ती क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने. २००० साली त्यांनी नॉपिक्स आणलं. त्याच्यात दोन गोष्टी मोठ्या होत्या. पहिली, कुठलाही संगणक असो, त्याचा पडदा, आवाज, नेटवर्क हे सगळं नॉपिक्स आपणहून ओळखायचं. दुसरी, सीडीची मर्यादा ७०० एमबी, पण माहिती दाबून भरल्यामुळे तिच्यावर सुमारे २ जीबीचे सॉफ्टवेअर मावायचे आणि लागेल तेवढाच भाग त्या क्षणी उलगडला जायचा.

मग सीडीवर तर काही लिहिता येत नाही; काम करायचं कुठे? इथे नकाशाचाच दाखला देतो. छापील नकाशावर आपण ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि खुणा त्या कागदावर करतो. बघणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात. कागद काढला की खालचा नकाशा कोरा. लाइव्ह सीडीत हा वरचा कागद म्हणजे संगणकाची रॅम. वीज गेली की कागद गेला. पुढे पेन ड्राइव्ह आले तेव्हा हा कागद जपून ठेवण्याची सोय झाली, कारण पेन ड्राइव्हवर लिहिताही येतं. त्यातला थोडा भाग तुमच्या खुणांसाठी राखून ठेवायचा, एवढंच.

नकाशावाल्यांच्या हे लवकरच लक्षात आलं. नॉपिक्समध्येच ग्रास आणि इतर अवजारं घालून जीआयएसनॉपिक्ससारख्या सीडी निघाल्या.

यजमान आणि पाहुणा

दुसरी वाट व्हर्च्युअल मशीनची. ही तर त्याहून जुनी. कॅनडात टॉमलिन्सन यांची यंत्रणा उभी राहत होती त्याच दशकात, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमच्या केंद्रात एका मोठ्या संगणकाचे अनेक भासमान संगणक करण्याचे प्रयोग चालू होते. १९७२ मध्ये आयबीएमने ते व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणलं. त्या वेळी कारण होतं यंत्राची किंमत: इतकं महागडं यंत्र एकट्याला कसं देणार? म्हणून प्रत्येकाला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच आहे.

घरगुती संगणकावर हे यायला १९९९ उजाडलं, तेव्हा व्हीएमवेअरचं पहिलं उत्पादन आलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स मुक्त केलं. पुढे ती कंपनी सनने घेतली आणि सन ओरॅकलने. पण व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळत राहिलं. आता विंडोज हा यजमान आणि त्याच्या घरात लिनक्स हा पाहुणा, असं राहता येऊ लागलं. पाहुण्याने कितीही पसारा केला तरी तो त्याच्या खोलीपुरता.

ट्रेंटो, बँकॉक, केपटाउन, सिडनी

तंत्र तयार होतं. माणसं एकत्र यायची होती. २००२ मध्ये इटलीत ट्रेंटोला ग्रास वापरणाऱ्यांची परिषद झाली, २००४ मध्ये बँकॉकला. बँकॉकच्या परिषदेमागे ज्यांचा मोठा हात होता ते वेंकटेश राघवन मूळचे भारतीय, जपानमध्ये ओसाकाला प्राध्यापक. फॉसफोरजी हे नाव त्या सुमाराला रूढ झालं, आणि ते घडवणाऱ्यांत राघवन आणि नेटेलर दोघेही होते. फेब्रुवारी २००६ मध्ये शिकागोत ओएसजिओ ही संस्था स्थापन झाली, आणि फॉसफोरजी ही तिची जागतिक परिषद झाली.

२००८ ची परिषद केपटाउनला होती. तिच्यासाठी सिडनीतल्या लिसासॉफ्ट या कंपनीत कॅमेरॉन शॉर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरामागाँग नावाची लाइव्ह डीव्हीडी तयार केली. त्याच सुमारास जीआयएसव्हीएम या नावाने व्हर्च्युअल मशीनचाही प्रयोग चालू होता. पुढच्या वर्षीची परिषद सिडनीलाच होती. २००९ च्या त्या परिषदेत प्रतिनिधींच्या हातात जी डीव्हीडी पडली, तिथून ओएसजिओलाइव्हची सलग परंपरा सुरू झाली. आधी ती झुबंटूवर बेतलेली होती, नंतर आणखी हलक्या लुबंटूवर. काम करणारे जगभर विखुरलेले: न्यूझीलंडचे हॅमिश बोमन, कॅलिफोर्नियातले अ‍ॅलेक्स मँडेल आणि ब्रायन हॅम्लिन, ग्रीसचे अँजेलोस त्झोत्सोस, जर्मनीच्या आस्ट्रिड एम्डे. बहुतेक सगळं स्वयंसेवेने.

त्यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट सांगतो. डीव्हीडी हाताने जुळवली नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहायला लावली. कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, कुठली सेटिंग्ज, सगळं तिच्यात. या स्क्रिप्ट ओळीने चालवल्या की संच तयार. त्यातूनच डीव्हीडी, त्यातूनच पेन ड्राइव्ह, त्यातूनच व्हर्च्युअल मशीन. मघाशी म्हटलेला नळाचा तंटा इथे मिटला, कारण सगळी बिऱ्हाडं एकाच वेळी एकाच नळाला जोडून, पाणी येतंय का ते बघूनच दार उघडायचं, असा नियम झाला.

एका पानाची शिस्त

पण मला विचाराल तर या संचाचा मोठा वाटा कोडमध्ये नाही, कागदपत्रांमध्ये आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक पानाची ओळख आणि एक छोटा धडा असलाच पाहिजे. धडा असा की नवखा माणूस थोड्या वेळात काहीतरी करून बघेल: हा मेन्यू उघडा, ही फाइल निवडा, असं दिसलं पाहिजे. सगळ्यांचा साचा एकच. दोन सॉफ्टवेअर एकमेकांचे स्पर्धक असले तरी त्यांची पानं सारख्याच मांडणीची, त्यामुळे वाचणाऱ्याला तुलना करता येते. ही पानं मुक्त परवान्यावर, आणि बऱ्याच भाषांत त्यांची भाषांतरं झाली.

सरावाचा डेटाही आतच. जुन्या ग्रासवाल्यांना साउथ डकोटातलं स्पिअरफिश हे गाव ठाऊक असतं, कारण शिकायचा नमुना तिथलाच असायचा. ओएसजिओलाइव्हमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा नमुना, जगाच्या नकाशासाठी नॅचरल अर्थ, आणि ओपनस्ट्रीटमॅपमधून एका शहराचा तुकडा घातला जाऊ लागला. शहर बहुधा त्या वर्षीच्या परिषदेचं: बार्सिलोना, डेन्व्हर, नॉटिंगहॅम, सोल. सॉफ्टवेअर पाच आणि नकाशा एकच असला की कुणाचं कुठे जमतं नि कुठे अडतं ते लगेच कळतं.

परिषदेच्या तारखेने कामाला लय दिली. बरीच वर्षं वर्षातून दोन आवृत्त्या निघत. डीव्हीडी ४.७ जीबीची, तिच्यात मावायचंच. म्हणून कुणाला घ्यायचं, कुणाचा डेटा छाटायचा, यावर घासाघीस चाले. ज्या सॉफ्टवेअरमागे तपासायला माणूस उरला नाही ते बाहेर जाई. २०१२ ची बीजिंगची परिषद रद्द झाली, तरी त्या वर्षीची आवृत्ती निघालीच. मला वाटतं, त्या वर्षी सिद्ध झालं की हे काम आता परिषदेच्या भेटवस्तूपुरतं उरलेलं नाही.

कुठे अडतं

कौतुक पुरे, आता अडचणी. पेन ड्राइव्हवरून चालणारा संगणक हार्ड डिस्कवरच्यापेक्षा हळू असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये रॅम दोघांत वाटली जाते. ४ जीबीच्या संगणकावर यजमानही कुरकुरतो आणि पाहुणाही. फाइल उतरवून जुन्या फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करायला जाल तर ती जाणारच नाही, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही; आणि कॉपी करून संगणक सुरूही होत नाही, ती वेगळ्या साधनाने पेन ड्राइव्हवर उतरवावी लागते. आणि एक महत्त्वाचं: यातलं वापरकर्त्याचं नाव 'यूजर' आणि पासवर्डही 'यूजर', हे जगजाहीर आहे. हा संच शिकण्यासाठी, दाखवण्यासाठी, तपासण्यासाठी आहे. कचेरीची खरी माहिती ठेवून तो इंटरनेटवर उघडा सोडू नका.

पण एक मर्यादा मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून भाग्याची वाटते. प्रत्येक आवृत्ती त्या दिवशी गोठलेली असते. २०१० ची आवृत्ती आज व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू केली, तर त्या वर्षीचं नकाशाचं जग जसंच्या तसं चालू होतं. युडिगसारखं सॉफ्टवेअर, ज्याचं काम आता थंडावलंय, ते तिथे अजून जिवंत आहे. जुना नकाशा आपण कपाटात जपतो. तो काढणारं अवजार कोण जपतं? इथे ते ओघाने जपलं गेलं.

आपल्याकडे

भारतात नकाशाचा प्रश्न बराच काळ परवानगीचा होता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे संरक्षणासाठी वेगळे आणि सर्वांसाठी वेगळे अशा दोन मालिकांत विभागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे तयार करायला आणि वापरायला बरीच मोकळीक दिली. आता परवानगी आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. उरते ती मांडामांड आणि भाषा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह भारतीय भाषांत बोलते केले, तेव्हा रस्ता दिसलेला आहे.

वेळ संपत आलीय. आलेल्या प्रश्नांतला एक घेतो.

प्रश्न: आता सगळं क्लाउडवर आहे. पेन ड्राइव्हवर नकाशे चालवायची गरज काय?

चांगला प्रश्न. रोजच्या कामाला क्लाउड सोयीचा आहे, मी नाकारत नाही. पण दोन प्रसंग डोळ्यासमोर आणा. पहिला, आपत्तीचा. ओएसजिओलाइव्हच्या काही आवृत्त्यांमध्ये सहाना हे आपत्ती व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर होतं. त्याचा जन्म श्रीलंकेत, २००४ च्या त्सुनामीनंतर झाला. पूर येतो, वादळ येतं, तेव्हा पहिल्यांदा जातं ते इंटरनेट, आणि नकाशाची निकड तेव्हाच असते. दुसरा प्रसंग शिकण्याचा. क्लाउडवर नकाशा दिसतो, पण तो कुठून आला, मधे कोणकोणत्या हातांतून गेला, हे दिसत नाही. इथे डेटाबेसपासून ब्राउझरपर्यंतचे सगळे दुवे तुमच्या टेबलावर असतात. एखादा बंद करून बघा, काय थांबतं ते कळतं. बिघडलं तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, सगळं जागच्या जागी. नवख्याला बिनधास्त मोडतोड करू देणारी प्रयोगशाळा एवढ्या स्वस्तात दुसरी मला माहीत नाही.

कॅमेरॉन शॉर्टर पुढे तांत्रिक लेखनाकडे वळले आणि मुक्त सॉफ्टवेअरची कागदपत्रं चांगली कशी लिहावीत याच कामाला लागले. मला यात नवल वाटत नाही. जमलं तर या आठवड्यात ओएसजिओलाइव्ह उतरवून घ्या आणि त्यातल्या एखाद्या एका पानाच्या ओळखीचं मराठी करून बघा. पुढच्या माणसाचा एक दिवस वाचेल.